उंदरांचे लाडू

माझ्या आईच्या हातचे लाडू सर्वांत जास्त ज्यांनी खाल्ले, त्या सगळ्यांना शेपटी होती. नातेवाइकांत हे सांगितलं की ते आधी माझ्याकडे आणि मग हातातल्या लाडवाकडे बघतात. म्हणून नीट सांगतो.

माझी बायको वनमाला अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. विषय डोळ्याचा पडदा. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्यात चरबी असते, आणि तीही माशाच्या तेलात असते तसली, पातळ आणि नाजूक. पातळ तेल लवकर खवटतं. त्यात डोळ्यावर दिवसभर उजेड पडतो, रक्तातून प्राणवायूही तिथे भरपूर येतो. तेल, हवा आणि उजेड एकत्र आले की काय होतं ते उन्हात विसरलेल्या खोबऱ्याला विचारा. मग आपण सगळे चाळिशीतच आंधळे का होत नाही? तर अन्नातलं ई जीवनसत्त्व त्या चरबीची राखण करत असतं. हा राखणदार काढून घेतला आणि वर मासळीचं तेल खाऊ घातलं, तर पडदा किती बिघडतो, आणि राखणदार पुन्हा नेमला तर किती वाचतो, हे वनमालाला दाखवायचं होतं. माणसांवर असले उद्योग करता येत नाहीत. म्हणून उंदीर.

उंदरांचे तीन गट होते. पहिल्याला खोबरेल तेलाचं खाणं, दुसऱ्याला मासळीच्या तेलाचं, तिसऱ्याला मासळीचं तेल आणि सोबत ई जीवनसत्त्व. बाकी सगळं सारखं: दुधाच्या प्रथिनाची पूड, मक्याचं पीठ, साखर, क्षार. काही आठवडे असं जेवू घालून मग त्यांना ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात ठेवायचं आणि शेवटी डोळे तपासायचे. तपासण्यासाठी ते आधी काढावे लागतात, ही गोष्ट आम्ही घरी आईला सांगितली नव्हती. ‘तपासतात’ एवढंच सांगितलं होतं. आईच्या डोळ्यांसमोर उंदीर चष्म्याच्या दुकानात बसल्यासारखं काहीतरी आलं असावं.

आता लाडवांचं. संस्थेत हे खाणं वनमाला स्वतः मळून वळायची. तिचे लाडू पिंजऱ्यात जाईपर्यंत फुटायचे, उंदीर भुगा उधळायचे, आणि कोणी किती खाल्लं याचा हिशेबच लागायचा नाही. एकदा तिने ते पीठ घाटकोपरला घरी आणलं आणि ओट्याशी बसून रडकुंडीला आली. आई दारात उभी राहून बघत होती.

"लाडू वळूक येनत नाय, आणि डॉक्टर होवक निघाली," आई म्हणाली. "आण हडे."

आईने परात ओढली आणि पाण्याचा हबका मारून असे लाडू वळले की ते भिंतीवर मारले असते तर भिंतीला पोचा आला असता. उंदीर ते पुढच्या दोन पायांत धरून शहाण्यासारखे कुरतडू लागले. तेव्हापासून उंदरांचा स्वयंपाक आमच्या घरी सुरू झाला. वनमाला सकाळी कोरडी पीठं तीन परातींत मोजून ठेवायची, तेलाच्या तीन वाट्या भरून ठेवायची आणि संस्थेत जायची. आई दुपारी तेल घालून वळायची. संध्याकाळी ते डबे फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी अंधेरीला. मी एकदा चुकून त्या डब्यातला लाडू खाल्ला. चवीबद्दल मी काही बोलणार नाही, पण त्यानंतर आठवडाभर घरात मला ‘दुसरा गट’ म्हणत.

सासू-सुनेचं एरवी फार जमत होतं असं नाही. आईचं म्हणणं, सून शिकते ते चांगलंच, पण माणसाचं शिकावं. वनमालाचं म्हणणं, आईंना प्रत्येक गोष्टीत मत आहे. मी दोघींच्या मधे होतो, म्हणजे दोन्हीकडून मार खात होतो. पण लाडू सुरू झाले आणि घरात बरी हवा वाहू लागली. आई शेजारणींना सांगू लागली, "आमच्या वनमालाचे उंदीर." पांढरे आहेत म्हणजे सोवळ्यातले आहेत, असंही तिने परस्पर ठरवून टाकलं.

वनमालाला हे सगळं गोड वाटत होतं, पण तिची झोप उडालेली होती. ही तिची शेवटची संधी होती. आधीचे उंदीर एका साथीत मेले होते, त्याच्या आधीचे वीज जाऊन उकाड्याने. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती आणि पुढे मिळणार नव्हती. या वर्षी दुसऱ्या गटाचे डोळे बिघडलेले आणि तिसऱ्याचे वाचलेले दिसले, तर प्रबंध होईल. नाही दिसले, तर चार वर्षं पाण्यात आणि बाई पुन्हा शाळेत पाचवीच्या मुलांना बेडकाचं जीवनचक्र शिकवायला मोकळ्या. ती रोज देवापुढे हात जोडून उंदरांचे डोळे बिघडावेत म्हणून प्रार्थना करत असे. माझ्या माहितीत असलं मागणं देवाकडे दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

ते साल पंच्याऐंशी. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणजे श्रावण दोन. बरेच शहाणे लोक अधिक महिन्यात मासळी खातात आणि दुसऱ्या श्रावणात सोडतात. आमची आई मालवणकडची, पण या बाबतीत तिला पळवाटा मान्य नाहीत. "अधिकात केलेला दसपट फळता," असं म्हणून तिने दोन्ही श्रावण पाळायला लावले. दोन महिने घरात बांगडा नाही, सुंगटं नाही, सुका बोंबीलसुद्धा माळ्यावर बांधून ठेवलेला. मी कामावर कांजूरमार्गला जाताना एका खानावळीकडे तोंड फिरवून चालत असे. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात दोन महिने डाळ-भात आणि वालाची भाजी. त्या काळात मी घरी कोणाशी नीट बोललो असेन तर तो अपघात समजावा.

याच दिवसांत आमच्या मागच्या खिडकीखालच्या पपईभोवती मांजरं जमू लागली. आधी एक, मग तीन, मग आख्ख्या गल्लीतली. झाडाच्या बुंध्याशी बसून माती चाटायची. पपई अशी फोफावली होती की पानं खिडकीत शिरत होती. मी आईला म्हटलं, मांजरांना पपई आवडते हे आजच कळलं. आई म्हणाली, "देवाची लीला." आणि ती आत निघून गेली. आई देवाचं नाव घेऊन आत निघून गेली की तिला एखादा विषय संपवायचा असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गणपतीच्या आधी उंदरांचे डोळे तपासले गेले. वनमाला संध्याकाळी घरी आली ती पांढरीफटक. तिन्ही गटांचे पडदे जवळपास सारखे होते. मासळीवाल्यांचे डोळे खोबरेलवाल्यांइतकेच ठणठणीत. ना बिघाड, ना राखणदाराचं काही काम.

"वाट लागली रे जयवंत," ती म्हणाली आणि चपला न काढताच बसली.

"डोळे बरे आसत ना?" आईने आतून विचारलं.

"अगदी छान आहेत आई."

"मग बरा झाला," आई म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवून आली.

वनमालाचे मार्गदर्शक डॉक्टर मार्तंड सबनीस. त्यांना मात्र या निकालाने भलताच हुरूप आला. सबनीस सरांना जगाच्या विरुद्ध काहीतरी सापडावं अशी फार वर्षांपासून इच्छा होती, आणि ते आता सापडलं होतं. मासळीच्या तेलाने डोळा बिघडतो असं परदेशातले लोक म्हणतात, आमचे उंदीर नाही म्हणतात. म्हणजे मासळीतच काहीतरी गुप्त रक्षक असला पाहिजे. सरांनी त्याला नावसुद्धा शोधून ठेवलं, आणि हिवाळ्यातल्या परिषदेत हे वाचायचं म्हणून सारांश लिहायला घेतला. खात्रीसाठी एकदा पुन्हा करून बघू, म्हणून पिल्लं मागवली. ती नेमकी गणपतीतच आली. पिल्लांचं आईचं दूध तुटलं की त्याच दिवसापासून हे खाणं सुरू करावं लागतं, उशीर चालत नाही. आणि पुढची पिल्लं मिळणार होती थेट थंडीत, म्हणजे मार्चपर्यंत काहीच हाती आलं नसतं.

संस्थेला गणपतीची सुट्टी होती. उंदीरघर सांभाळणारा धोंडू गावी गेला होता, प्रयोगशाळेला कुलूप होतं, फक्त उंदीरघर उघडं. त्यामुळे ऋषिपंचमीला संध्याकाळी सबनीस सर स्वतःच स्कूटरवरून आमच्याकडे आले. गणपतीचं दर्शनही होईल आणि लाडवांचे डबेही नेता येतील.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मखरात गणपती, त्याच्या बरोबर समोर स्वयंपाकघराचं दार. सरांनी नमस्कार केला, मोदक खाल्ला, दुसरा खाल्ला. आईला म्हणाले, "काकू, तुमच्या लाडवांमुळे आमचं काम झालं. परिषदेत तुमचे आभार मानणार आहे मी."

आई लाजली. सर कौतुकाने डबे उघडून बघू लागले. पहिला गट, खोबरेल. दुसरा डबा उघडून त्यांनी नाकाशी नेला. परत नेला. मग तिसरा. वनमालाला सर्दी बारमाही, संस्थेतल्या थंड अंधाऱ्या खोलीत बसून जडलेली. तिला दोन महिने कसलाच वास येत नव्हता. सबनीसांचं नाक मात्र लांब होतं आणि चांगल्या कामाचं होतं.

"काकू, यात मासळीचं तेल घातलंय ना?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. पाहुणा घरात बसून, गणपतीसमोर, असं विचारतो म्हणजे काय, अशा नजरेने.

"मासळीचा तेल?" ती म्हणाली. "गणपतीत?"

मला आधी मांजरं आठवली, मग पपई.

"आई," मी म्हटलं, "हे कधीपासून?"

"अधिक श्रावण लागलो तेवापासून." आईला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "गणपतीच्या वाहनाक श्रावणात मासो भरवू? माका नरकात जावचा नाय. तेंनी पण श्रावण पाळल्यानी. दोनय पाळल्यानी. तेल काय, शेवटी तेलच ता."

"आणि वाटीतलं तेल?"

"झाडाक."

धोंडूला हे माहीत होतं, असं पुढे कळलं. लाडवाला वास नाही हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण तोही कोकणातला. मॅडमच्या घरचे लोक उंदरांनाही श्रावण पाळायला लावतात हे बघून त्याला वनमालाबद्दल आदरच वाटला होता.

सबनीस सरांच्या चेहऱ्यावरून त्यांचा गुप्त रक्षक, त्याचं नाव, परिषद, सगळं एकामागून एक निघून जाताना दिसत होतं. हातात अर्धा मोदक होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, खाल्लाही नाही.

"काकू, तुम्ही काय केलंत कळतंय का?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "तिघांनाही खोबरेल. म्हणजे प्रयोगच झाला नाही. मुलीची चार वर्षं..."

"सर," वनमाला मधेच म्हणाली. सरांना तिने मधे तोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "त्यांना ओरडू नका. चूक माझी आहे. खाणं रोज तपासणं माझं काम. मी तेलाच्या वाट्या भरून निघून जात होते. दोन महिने माझ्या उंदरांना काय खायला मिळतंय ते मला माहीत नव्हतं, आणि मी म्हणे डॉक्टर होणार."

ती हे शांतपणे बोलली, पण तिचे डोळे भरले होते. मला तिचा फार अभिमान वाटला आणि आईचा फार राग आला. आणि दोन महिने मांजरं बघून गप्प बसलो म्हणून स्वतःचाही आला.

आई हळूहळू खाली बसली. "पण गो, तूच सांगलेलंस ना, मासळीच्या तेलान डोळे खवटतत म्हणान? मी म्हटलंय खोबरेल घातलंय तर बिचाऱ्यांचे डोळे वाचतीत. तुका तेच होया ना?"

"नाही आई," वनमाला म्हणाली. "दुसऱ्यांचे बिघडायला हवे होते. बिघडले नाहीत तर वाचवलं कशाने ते कसं दाखवणार?"

"बिघडाक होये होते?" आईने माझ्याकडे पाहिलं, जणू इतकी साधी गोष्ट मी तिला चार वर्षांत सांगितली नव्हती. खरंच सांगितली नव्हती. "आणि मी रोज देवाक सांगत होतंय, तेंचे डोळे सांभाळ म्हणान."

म्हणजे एकाच देव्हाऱ्यासमोर सून मागत होती डोळे जावेत, सासू मागत होती राहावेत. देवाने ज्येष्ठतेप्रमाणे निर्णय दिला होता.

सरांनी घड्याळ पाहिलं. पिल्लं उपाशी होती. नवे लाडू आता, इथे, मासळीचं तेल घालून झाले तर प्रयोग वाचत होता. सीलबंद बाटली माळ्यावर होती. पण खोलीत गणपती होता. वनमालाने पदर खोचला. "मी जिन्यात बसून वळते. तिथे..."

"जिन्यात शेजारचे काय म्हणतील?" मी म्हटलं. त्या जिन्यावर तीन घरं आणि तिन्ही घरांत गणपती. "आणि तुझे फुटतात."

"मग फुटू देत. भुगा तर भुगा." तिचा आवाज फाटला.

आई उठली. तिने माळ्याकडे बोट दाखवलं. मी बाटली काढून दिली. आईने ती ओट्यावर ठेवली, परात धुतली, आणि मग बाहेरच्या खोलीत येऊन दोरी शोधू लागली. कपाटातली एक कोरी साडी घेऊन ती मखरासमोर बांधू लागली. काही घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटण-मासळीचा नैवेद्य असतो, तेव्हा गणपतीला दिसू नये म्हणून मधे असा पडदा धरतात. आमच्याकडे ती पद्धत नाही. उलट आई त्या लोकांना आयुष्यभर हसत आली होती. ज्या देवाला कापडापलीकडचं दिसत नाही, त्याला नवस कसला करता, असं ती विचारायची.

एक टोक बांधून झालं. दुसरं टोक हातात धरून ती मखरासमोर थोडा वेळ उभी राहिली. गणपतीकडे बघत होती, गणपती तिच्याकडे बघत होता. मग तिने बांधलेलं टोकही सोडलं, साडीची घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली.

"आई, तुम्ही नका करू," वनमाला म्हणाली. "खरंच नको. तुम्हाला नंतर बरं वाटणार नाही."

"गप ऱ्हव," आई म्हणाली. "पीठ मोज. आणि ह्या टायमाक हयसरच बस, माझ्या हाताकडे बघत."

ती दारासमोरच बसली, गणपतीला सगळं दिसेल अशी. बाटली फोडली. घरभर तो वास पसरला, उदबत्तीच्या, केवड्याच्या, मोदकाच्या वासातून. सबनीस सरांनी खिशातून रुमाल काढला आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून परत ठेवला. वनमालाने पीठ मोजून परातीत घातलं आणि सासूच्या शेजारी मांडी घालून बसली. आईने तेल ओतलं, दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात घातले. दोन महिने, आणि त्याआधी पन्नास वर्षं, ज्या हातांनी या दिवसांत मासळीला स्पर्श केला नव्हता, ते हात.

पहिला लाडू तिने तळहातावर धरून मखराकडे वर केला. नैवेद्य दाखवायला नाही. दाखवायला.

"बघ," ती गणपतीला म्हणाली. "लपवूक नाय तुझ्यापासून. उंदीर तुझो, सून माझी. तू तुझ्या उंदराचा बघ, मी माझ्या सुनेचा बघतंय."

आणि तिने दुसरा वळायला घेतला.